सोड्याचं पाणी

माळेवाडीत ‘चेअरमन’ म्हटलं की लोक मोहनरावांकडे बघायचे. खरी चेअरमन त्यांची बायको विमलबाई होती. सावळाई महिला दूध संस्था नावाप्रमाणे बायांची होती. सभासद बाया, संचालक बाया. पण मिटिंगच्या दिवशी त्या बाया ऑफिसच्या ओसरीत सतरंजीवर बसायच्या आणि आत खुर्चीवर मोहनराव बसायचे. त्यांचा पुतण्या सुग्रीव हा संस्थेचा सचिव. तो जिथं बोट ठेवील तिथं बाया सह्या करायच्या, चहा प्यायच्या आणि धारांची वेळ झाली म्हणून उठायच्या. विमलबाईही तशीच उठायची. तिची सही सगळ्यांच्या वर असायची, एवढाच काय तो तिचा मान.

२०१८ साली पाऊस पोळ्याच्या आधीच तोंड फिरवून गेला. दिवाळीत विहिरींचे तळ दिसायला लागले आणि त्याच दिवाळीत संस्थेनं गाडी घेतली. “दुधाला गिऱ्हाईक शोधायचं तर हिंडावं लागतंय,” असं मोहनरावांनी बायांना सांगितलं, आणि बायांनी सह्या केल्या. गाडी काळी घेतली, कारण गेवराईचे पुढारी आप्पाराव काळ्या गाडीतून हिंडायचे आणि मोहनरावांना पुढच्या जिल्हा परिषदेला त्यांच्याकडून तिकीट पाहिजे होतं. पुढच्या काचेमागं ‘चेअरमन’ अशी लाल पाटी लागली. विमलबाई त्या गाडीत एकदाच बसली, पूजेच्या दिवशी. तीही मागच्या सीटवर, नारळाचं पोतं मांडीशी घेऊन.

गाडीवर ड्रायव्हर ठेवला तो ख्वाजा. गेवराईचाच, आधी संस्थेचा दुधाचा टेंपो चालवायचा. दूध घटलं, टेंपो दिवसाआड जायला लागला, म्हणून त्याला गाडीवर घेतलं. ख्वाजाचा त्या गाडीवर जीव बसला होता. स्वतःच्या म्हाताऱ्या बापाला दवाखान्यात नेतानाही त्यानं ती कधी मागितली नाही, पण तिच्यावर कावळा बसला तर तो धावत जायचा. तरीही गाडीच्या रंगाचं वाटोळं व्हायला सुरुवात झाली ती त्याच्याच हातानं.

संक्रांतीच्या सुमारास गावात टँकर सुरू झाला. प्यायलाच पाणी नाही तिथं गाडीला कुठलं? चकलांबा गावाकडं जाणारा रस्ता उकरून ठेवलेला. गाडी एकदा जाऊन आली की तिच्यावर बोटभर फुफाटा. मोहनरावांना सकाळी गाडी चकचकीत पाहिजे. मग ख्वाजा जुन्या टॉवेलानं ती कोरडीच पुसायचा. महिनाभरात उन्हात धरली की काळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसायला लागल्या.

“ही काय भानगड हाय?” मोहनरावांनी विचारलं.

“मालक, फुफाट्यात रेती ऱ्हाती. पाण्याबिगर पुसलं की ती टॉवेलासंगं फिरती. पालिश पेपर मारल्यावानी व्हतं.”

“मंग पाण्यानं धू ना बे!”

“पाणी कुटंय मालक?”

पाणी संस्थेच्या बोअरला होतं, दुपारी घटकाभर येणारं, खारट. त्या पाण्यानं भर उन्हात गाडी धुतली आणि ती धुता धुताच वाळली. हंड्याच्या बुडाशी बसतो तसा क्षार टपावर, दारांवर थेंबाथेंबानं बसला. ते पांढरे डाग घासले तरी जाईनात. तेव्हा सुग्रीव म्हणाला, डिझेलच्या फडक्यानं पुसा, काय चमकती बघा. चमकली. तेल लावलेल्या पैलवानासारखी चमकली, आणि चकलांब्याला पोचेपर्यंत सगळ्या रस्त्याचा धुराळा तिच्या अंगाला चिकटला. तो काढायला पुन्हा फडकं आलं. पुढं मोहनरावांनी स्वतः ती गेवराईला हायवेवरच्या वॉशिंग सेंटरला नेली. तिथल्या माणसानं प्रेशरची बंदूक अगदी जवळ धरली. बंपरला आधीच खडी उडून टवके गेले होते. त्या टवक्यांच्या कडेनं पाणी आत शिरलं आणि रंग नखाएवढ्या कपच्यांनी उडाला.

प्रत्येक वेळी शिव्या ख्वाजाला बसल्या. शेवटी त्यानं सांगून टाकलं, “आता ह्या गाडीला मी फडकं लावणार न्हाई मालक. चालवीन. धुवायला दुसरा मानूस बगा.”

संस्थेत आणखी एक माणूस होतं. त्याला कुणी माणूस म्हणून धरत नव्हतं. बायडाबाई. पन्नाशीची, एका गाईची मालकीण, म्हणून संस्थेची सभासद. आणि सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन धुण्याच्या कामावर. स्टीलचे मोठे कॅन. दुधाचं ओशट आणि वास साध्या साबणानं जात नाही, म्हणून गरम पाण्यात कॉस्टिक सोडा टाकायचा, काथ्यानं आतून घासायचं आणि भरपूर पाण्यानं विसळायचं. दुष्काळ आला तसं विसळायचं पाणी कमी झालं. टँकर येईपर्यंत हातावर सोडा तसाच राहायचा. बायडाबाईचे हात मनगटापर्यंत पांढरे पडले, बोटांच्या पेरांना चिरा गेल्या, तळव्याची साल निघाली. भाकरी थापताना पीठ चिरांत जायचं म्हणून ती पोरीकडून थापून घ्यायची.

तिनं एकदा मिटिंगमध्ये उभं राहून रबराचे हातमोजे मागितले होते. मोहनराव आतून म्हणाले, “हातमोजे? आता बायडाबाई आपरेशन करनार म्हना की!” सगळे हसले. विमलबाईही पदराआड हसली. नंतर तिला बरं वाटलं नाही, म्हणून तिनं घरून खोबरेल तेलाची बाटली पाठवून दिली आणि विषय तिच्यापुरता मिटला.

मे महिना लागला. गावातली निम्म्याहून जास्त जनावरं माळावरच्या चारा छावणीत गेली, आणि जनावरांमागं बायाही पालं ठोकून तिकडंच राहायला गेल्या. त्या छावणीची पाहणी करायला आप्पाराव येणार असं ठरलं. मोहनरावांनी विमलबाईला सांगितलं, “चांगलं लुगडं नेस. हार घालायला संस्थेची बाई पायजे. मागं बस, काय बोलू नको.”

ती हिरवं लुगडं नेसून सकाळीच संस्थेत आली आणि ओसरीत बसून राहिली. गाडी अंगणात उन्हात उभी होती. टपावर क्षाराचे डाग, दारांवर रेघा, बंपरला टवके. मोहनराव तिच्याभोवती चकरा मारत होते.

“ख्वाजा, ही काय गाडी हाय का म्हैस? आप्पारावांच्या गाडीशेजारी ही लावायची का मी?”

“टँकर आला न्हाई मालक. टाकीच्या तळाला दोनच बादल्या पानी हाय. ते कॅनाला लागंल.”

“कॅन सांजच्याला धुता येतील.”

“सांजचं दूध कशात घालायचं मंग?”

“तुला दुधाचं कुनी विचारलं बे?”

ख्वाजा कडुलिंबाखाली जाऊन पाठ करून उभा राहिला. मोहनरावांची नजर मागच्या हौदापाशी गेली. तिथं बायडाबाई कॅन पालथे घालत होती.

“बायडाबाई! ये हिकडं. तुझे कॅन कसे चांदीवानी निघतेत. तशी ही गाडी काढ.”

बायडाबाई आली, गाडीकडे बघून उभी राहिली. “मालक, ह्यो सोडा लई जालीम हाय. गाडीला न्हाई चालायचा.”

“कॅन बी पत्र्याचा, गाडी बी पत्र्याची. धू म्हणलं की धुवायचं. घंट्याभरात निघायचंय मला.”

“पन विसळायला पानी...”

“एक बादली सोड्याची, एक विसळायची. बास झालं की!”

एवढं बोलून ते आत गेले आणि फोनला लागले.

ओसरीतून विमलबाई सगळं बघत होती. बायडाबाईनं बादलीत सोडा विरघळवला. काथ्या बुडवून बोनटावर फिरवला. बोनट इतकं तापलेलं होतं की पाणी पडताच चर्र झालं. क्षाराचे डाग खरंच जायला लागले. तिनं बोनट घासलं, टप घासला, आणि विसळायला दुसरी बादली घ्यायला वळली तर बादली जागेवर नव्हती.

“सुग्रीवभाऊ, इथली बादली?”

सुग्रीव ऑफिसच्या दारात आला. “कूलरात वतली. काका घामाघूम झालेत, दिसत न्हाई का?”

“आरं, गाडीला सोडा लागलाय! इसळायचा ऱ्हायलाय!”

“मंग पुसून घे की फडक्यानं.”

बायडाबाई धावत हौदाकडे गेली. हौद कोरडा. तिनं कॅनांतून उरलेलं थेंब थेंब पाणी एका गोणपाटावर ओतलं आणि परत आली. तोवर बोनटावरचं पाणी वाळून गेलं होतं, पांढरा थर तेवढा राहिला होता. तिनं गोणपाट फिरवलं. आणि गोणपाटाबरोबर रंग आला. आधी काळी चमक मळकट झाली, मग जिथं जुन्या रेघा होत्या तिथं उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटले. खालून करडं अस्तर दिसायला लागलं. ती थांबली. गोणपाट तिच्या हातातून खाली पडलं.

मोहनराव बाहेर आले ते टोपी नीट करतच. पायरीवरच थांबले.

“काय केलं हे?”

बायडाबाई बोनटाकडेच बघत राहिली.

“काय केलं म्हनतो मी! नव्या गाडीचं... आगं ए! हात झडले का तुजे? आं? हात झडले का?” त्यांनी बादलीला लाथ मारली. उरलेलं सोड्याचं पाणी बायडाबाईच्या पायांवर सांडलं. “आक्कल गहान ठिवली का सटवे? कुनी सांगितलं व्हतं इतका सोडा घालायला? तुज्या सात पिढ्या इकल्या तरी ह्यो रंग भरून निघायचा न्हाई. उद्यापसून इथं दिसायचं न्हाई. चल, नीघ!”

बायडाबाईनं पाय मागं घेतले. रडली नाही. तिनं एवढंच केलं, हात पदराखाली लपवले. जणू खरंच त्या हातांनी काही पाप केलं होतं आणि ते कुणाला दिसायला नको होते.

ते लपवणं विमलबाईनं बघितलं. ती ओसरीतून उठली कधी आणि अंगणात आली कधी हे तिला कळलं नाही. उन्हात आली तेव्हा पायात चप्पल नव्हती. ती सरळ बायडाबाईपाशी गेली, तिचं मनगट धरलं आणि तो हात पदराबाहेर ओढला.

“सोडा बाई,” बायडाबाई म्हणाली. “जाऊ द्या मला.”

“कुटं जाती? थांब.” विमलबाई नवऱ्याकडे वळली. “अवो, काय इचारलं तुमी हिला?”

“तू आत बस जा.”

“हात झडले का, आसं इचारलं. मंग बगा ना. बोनट वाकून वाकून बगताव, ह्ये बी बगा.” तिनं तो हात त्यांच्या तोंडासमोर धरला. तळव्याला साल नव्हती, पेरांच्या चिरांत सोडा पांढरा बसला होता. “दोन वरसं ह्ये पानी हिच्या हाताला लागतंय. हातमोजे मागितले तर दात काढले तुमी. आज पत्र्याला लागलं तवा कळलं व्हय, ते पानी कसं हाय?”

अंगणात आता गावातली चार माणसं जमली होती. मोहनरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

“विमल, मानसं बगतेत. गप आत जा.”

“बगू द्या. सोडा लावायला कुनी सांगितलं? म्या कानानं ऐकलंय. कॅन बी पत्र्याचा, गाडी बी पत्र्याची, कोन म्हणलं? इसळायचं पानी कुठं गेलं? सुग्रीव, सांग की रं, कुठं गेलं? तुज्या काकाला गार वारं पायजे म्हून ह्या बाईला सटवी म्हनायचं?”

मोहनरावांनी हात उगारला. विमलबाई मागं सरली नाही. ती आणखी एक पाऊल पुढं आली.

“मारा. इथं मारा, न्हाई तर छावनीत आप्पारावांसमोर मारा. म्हंजी त्यांना बी कळंल तिकीट कुनाला द्यायचं ते.”

हात तसाच राहिला आणि मग खाली आला. खिशातला फोन वाजायला लागला होता. छावणीतून कुणीतरी सांगत होतं, साहेब निघालेत, तुम्ही कुठवर आलात?

“ख्वाजा,” मोहनराव फोन हातानं झाकून म्हणाले, “गाडी काढ. आशीच काढ. बोनटावर हाराची झूल टाकू.”

“ख्वाजा,” विमलबाई म्हणाली, “हिला सरकारी दवाखान्यात न्यायचंय, गेवराईला. मी बी येते.”

ख्वाजा कडुलिंबाखालून आला. चावी त्याच्या मुठीत होती. एवढ्या महिन्यांच्या शिव्या गिळून गिळून त्याचा आवाज घोगरा झाला होता. “मालक, गाडी संस्थेची हाय. चेअरमनबाई म्हनतील तिकडं न्यावी लागंल.”

चेअरमनबाई. हा शब्द माळेवाडीत आजवर कुणी उच्चारला नव्हता.

“तुजी नौकरी गेली म्हनून समज!”

“समजलं,” ख्वाजा म्हणाला आणि त्यानं दार उघडलं.

विमलबाई पुढच्या सीटवर बसली. बायडाबाईला मागं बसवलं तर ती सीटच्या कडेला टेकून राहिली, हात वर धरून, सीटकव्हरला लागू नयेत म्हणून. गाडी गावाबाहेर पडली. मागं वळून विमलबाई म्हणाली, “बायडाबाई, नीट बस. कव्हराला काय व्हत न्हाई.”

“मला कावून नेताव?”

“दवाखान्यात दाखवू. मलम देतील.”

“आजच कावून?” बायडाबाईचा आवाज चढला नाही, पण त्यात असं काही होतं की ख्वाजानं आरशात बघितलं. “रोज धुतेय की मी. तुमच्या दारापसून जातेय, हात घिऊन. तवा दवाखाना न्हाई सुचला. मालकावर राग आला म्हून माजा हात धरला तुमी. मला इचारलं का? चार मानसांत वढून दाखवला. जत्रंत दाखवतेत तसा.”

विमलबाईनं मान पुढं वळवली.

“आन् हसलत्या तुमी,” बायडाबाई म्हणाली. “हातमोज्याला. पदराआड हसलत्या. म्या बगितलं व्हतं.”

पुढं गेवराईपर्यंत खिडकीबाहेर करपलेला कापूस, रिकामी खळी, रस्त्याच्या कडेला हंड्यांची रांग लावून टँकरची वाट बघणारी माणसं. रागानं विमलबाईचे कान गरम झाले होते, पण आता त्या रागाला दोन तोंडं होती. एक नवऱ्याकडे होतं. दुसरं कुणाकडे आहे ते तिला ठाऊक होतं, आणि ते जास्त चावत होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हात बघितले, पाय बघितले, नळाखाली बराच वेळ धरायला लावले. सोड्याला हात लावायचा नाही, म्हणाल्या, नाही तर बोटं आखडतील. मलम दिलं, पट्ट्या बांधल्या.

परत येताना छावणीचा फाटा लागला. “बायडाबाईची गाय इथंच हाय ना?” विमलबाईनं ख्वाजाला विचारलं आणि गाडी आत घ्यायला सांगितली.

आप्पारावांचं भाषण संपत आलं होतं. मांडवाच्या कडेला मोहनराव उभे होते, डोक्यापासून पायापर्यंत धुराळ्यानं माखलेले. सुग्रीवच्या मोटारसायकलवर मागं बसून आले होते. काळी गाडी आत शिरली तशी माणसांनी माना वळवल्या. उन्हात बोनटावरचे पापुद्रे वाऱ्यानं हलत होते. आप्पाराव खाली उतरताना म्हणाले, “मोहनराव, ही तुमचीच ना? काय झालं हिला?”

“काय सांगायचं साहेब. एका अडानी बाईनं वाटूळं केलं.”

विमलबाईनं ते ऐकलं. ती पुढाऱ्यांकडे गेली नाही. हारही घातला नाही. आप्पारावांच्या गाड्यांचा धुराळा खाली बसेपर्यंत ती एका दावणीपाशी थांबली, आणि मग पालापालांतून फिरायला लागली. प्रत्येक पालात संस्थेची कुणी ना कुणी सभासद होतीच. “मिटिंग हाय,” ती सांगत होती. “आत्ता. पान्याच्या टाकीपाशी. समद्या या.”

बाया आल्या, शेणानं भरलेल्या हातांनी, चाऱ्याच्या काड्या केसांत अडकलेल्या. संचालकांतली सगळ्यांत म्हातारी केसरबाई काठी टेकत आली. सुग्रीव घाईघाईनं पोचला.

“काकू, आशी मिटिंग व्हत न्हाई. नोटीस काढावी लागती. कायद्यात बसत न्हाई.”

“आजपत्तर कंच्या मिटिंगीची नोटीस काढलती रं तू?” केसरबाईनं विचारलं. “बोट ठिवीत व्हतास नुसता. आज गप बस. न्हाई तर म्हशीच्या दावनीला बांधीन.”

विमलबाईला भाषण करता येत नव्हतं. तिनं सकाळपासून जे झालं ते सांगितलं, जसंच्या तसं. सोडा, बादली, कूलर. मग हातमोज्यांचं सांगितलं, आणि स्वतःचं हसणंही सांगितलं. त्यावर बाया खाली बघायला लागल्या, कारण त्याही हसल्या होत्या. मग एकदम गलका उठला. एकीनं विचारलं, आमची वासरं पाण्यावाचून जीभ काढून पडली होती तेव्हा गाडी बोअरच्या पाण्यानं धुतली का? दुसरीनं विचारलं, गेल्या महिन्यात आमचं दूध चिलिंग सेंटरवरून वास येतो म्हणून परत आलं, ते कॅन न विसळल्यामुळं का? तिसरी म्हणाली, गाडीत बसून कुठलं गिऱ्हाईक आणलं ते सांगा. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. इतक्या वर्षांचा गप्पपणा एकदम सुटला होता आणि मोहनराव मांडवाच्या खांबाला धरून लांबूनच ते ऐकत होते.

“आमी बायांनीच खुर्ची दिली तुमाला,” केसरबाई त्यांच्याकडे काठी करून ओरडली. “आता उठा तीवरून!”

त्या दिवशी ठरलं ते एवढं : ऑफिसात संचालकांशिवाय कुणी बसायचं नाही. गाडी विकायची. आधी हातमोजे आणायचे, मग बाकी काही. आणि बायडाबाईला कामावरून काढायचं नाही.

“बायडाबाई, ऐकलं का?” विमलबाई म्हणाली. “तुजं काम तुलाच हाय.”

बायडाबाई गाईपाशी बसली होती. पट्ट्या बांधलेले दोन्ही हात मांडीवर. “नगं मला,” ती म्हणाली. “तुमीच धुवा कॅन. बगा कसं वाटतंय.”

आणि विमलबाईनं धुतले. दुसरं कुणी मिळेपर्यंत चांगले काही महिने, सकाळ-संध्याकाळ, रबराचे हातमोजे घालून. तरी पहिल्याच आठवड्यात एक थेंब मोज्याच्या काठातून आत गेला आणि मनगटावर फोड आला. ती आग रात्रभर सोसताना तिनं नवऱ्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की तिलाच नवल वाटलं, ह्या आपल्याला येत होत्या कुठून. मोहनराव घरातच होते, पण पडवीत झोपायचे आणि तिनं वाढलेलं ताट न बोलता संपवायचे. तिकीट त्यांना मिळालं नाही. त्याचा दोष ते त्या बोनटाला द्यायचे. गाडी घ्यायला आलेल्या माणसानं बोनटावर नख फिरवलं, तोंड वाकडं केलं आणि पडत्या भावात नेली. ख्वाजा पुन्हा टेंपोवर बसला.

त्या पावसाळ्यात पाऊस झाला, छावण्या उठल्या, पुढं संस्थेची निवडणूक लागली. विमलबाईनं आपलं पॅनल उभं केलं. बिनविरोध होईल असं सगळे धरून चालले होते. शेवटच्या दिवशी बायडाबाईनं एकटीनं अर्ज भरला, विमलबाईच्या पॅनलच्या विरोधात. आखडलेल्या बोटांनी तिनं घराघरांत जाऊन हात जोडले, आणि ती संचालक म्हणून निवडून आली. चेअरमन विमलबाईच राहिली.

आता दर महिन्याच्या मिटिंगला ती विमलबाईच्या समोरच बसते. फॅट मोजायच्या मशीनपासून पेंडीच्या पोत्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला आडवं लावते, विचारल्याशिवाय एक सही करू देत नाही. मिटिंग संपून विमलबाई घरी येते तेव्हा तिचं डोकं तापलेलं असतं. चूल पेटवताना ती बायडाबाईच्या नावानं बडबडत राहते. आणि तरी पुढच्या मिटिंगची नोटीस निघते तेव्हा ती बायडाबाईच्या घरी कुणाहाती पाठवत नाही. स्वतः जाऊन देऊन येते.